गोळी तीच, गुण वेगळा

आमच्या बीबीच्या दवाखान्यात एकाच घरातल्या दोन जावा येतात. दोघींना एकाच वर्षी मधुमेह निघाला. चूल एक, भाकरी एक, शेतातले कामही सारखेच. दोघींना मी मेटफॉर्मिनची गोळी सारख्याच मात्रेत सुरू केली होती. तीन महिन्यांनी थोरलीची उपाशीपोटीची शुगर चांगली खाली आली. धाकटीची मात्र जेमतेम हलली, आणि वर पोटात मुरडा, सकाळी दोन-तीन वेळा जुलाब. सोबत आलेल्या सासूबाईंनी तिथेच निकाल देऊन टाकला, "मोठी बराबर खाते, हे फेकून देते." धाकटी एवढेच म्हणाली, "फेकत नाही मॅडम. मले मानवतच नाही."

'मानवत नाही' हा शब्द आपल्याकडे किती सहज येतो पाहा. औषध लागू पडले, गुण आला, उतार पडला, अंगाला मानवले नाही. एकच औषध सगळ्यांना सारखे लागू पडत नाही, हे आपल्या बोलीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गेल्या वीसेक वर्षांत मधुमेहाच्या गोळ्यांबाबत या 'मानवण्या'ची काही कारणे शास्त्रज्ञांच्या हाती लागली आहेत. त्यांपैकी काही आपल्या आदिवासी वस्त्यांना अगदी जवळून लागू होतात, म्हणून या अंकासाठी हा विषय घेतला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांच्या हाती मोजून चार-पाच प्रकारच्या गोळ्या पडतात, आणि ग्रामीण भागात तर बहुतेकांना दोनच. तेव्हा या दोन गोळ्या कोणाच्या शरीरात कशा वागतात, हे माहीत असलेले बरे.

जनुकांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. शुगर उतरत नाही म्हटले की मी पहिल्यांदा साध्या गोष्टी विचारते. गोळ्या संपून किती दिवस झाले? ऊसतोडीला गेल्यावर खंड पडला का? गुडघेदुखीवर कोणी पुड्या दिल्या आहेत का? कारण अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि त्याने शुगर भडकते. मूत्रपिंड कसे आहे, कुठे जखम चिघळली आहे का, क्षयरोगाची औषधे चालू आहेत का? दहापैकी बहुतेक जणांचे उत्तर इथेच सापडते. पण सगळ्यांचे सापडत नाही, आणि ज्यांचे सापडत नाही त्यांच्यावर 'ऐकत नाही, पथ्य पाळत नाही' हा शिक्का बसतो. शिक्का बसलेला माणूस दवाखान्यात यायचेच सोडतो. मग तो परत येतो तेव्हा पायाची जखम काळी पडलेली असते.

आता जनुकांकडे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे सहसा दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. जनुक म्हणजे शरीरातले एखादे प्रथिन कसे बनवायचे याची कृती. पुरणपोळीची कृती घरोघरी थोडी बदलते, तशी ही कृतीही माणसागणिक एखाद्या अक्षराने बदललेली असते. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. काही बदलांनी ते प्रथिन थोडे मंद किंवा थोडे जलद काम करते. दोन जावांचे सासर एक असले तरी ही कृती प्रत्येकीने आपापल्या माहेरहून आणलेली असते. म्हणून चूल एक असूनही गोळीचा गुण वेगळा येऊ शकतो.

मेटफॉर्मिनचेच घ्या. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे. जुन्या काळी तिथले लोक ती औषधी म्हणून वापरत. तिच्यातल्या द्रव्याशी नाते असलेले हे औषध १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले, पण मधुमेहाच्या रुग्णांना ते प्रथम दिले १९५७ साली फ्रान्समधील डॉ. झ्याँ स्टर्न यांनी. आज जगभर मधुमेहाची पहिली गोळी म्हणून तीच देतात. तिचे मुख्य काम यकृतात चालते. आपले यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असते, मेटफॉर्मिन त्या सोडण्याला आवर घालते. पण त्यासाठी तिला यकृताच्या पेशीत शिरावे लागते, आणि पेशीला आपोआप शिरण्याजोगी फट नसते. दार असते. त्या दाराच्या प्रथिनाला ओसीटी-१ म्हणतात.

काही लोकांत या दाराची कृती बदललेली असते. दार अर्धवटच उघडते. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. ज्यांचे दार जन्मतःच मंद होते त्यांच्यात मेटफॉर्मिनचा साखर उतरवण्याचा परिणाम कमी दिसला. मधुमेहाच्या रुग्णांवर पुढे झालेल्या अभ्यासांत मात्र हा फरक इतका ठळक निघाला नाही. शास्त्रात असे पुष्कळदा होते, आणि ते सांगायलाही हवे. पण दुसरी एक गोष्ट ठळक निघाली. स्कॉटलंडमधील डंडी येथे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या दोन्ही प्रती मंद होत्या त्यांना पोटाच्या त्रासामुळे मेटफॉर्मिन सोडावी लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. त्याच लोकांनी ओसीटी-१चे दार अडवणारे आणखी एखादे औषध घेतले असेल, तर ती चौपटीपर्यंत गेली. आणि अशा औषधांच्या यादीत ओमेप्राझोल जातीच्या ॲसिडिटीच्या गोळ्याही आहेत.

हे वाचले तेव्हा मी थबकले. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी म्हणजे जवळजवळ चहासारखी झाली आहे. कुठल्याही दुकानात मिळते, कुठल्याही दुखण्याबरोबर जोडून दिली जाते. मेटफॉर्मिनने पोट बिघडले की रुग्ण ती आणखी घेतो. धाकट्या जावेलाही कोणीतरी रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी लावून दिली होती. तिची जनुके मी तपासलेली नाहीत, तशी सोय इथे नाही आणि गरजही नव्हती. मी ॲसिडिटीची गोळी थांबवली, मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारची दिली, अगदी लहान मात्रेपासून, रात्रीच्या जेवणानंतर. पोट शांत झाले. शुगर त्यानंतर उतरली, तरी थोरलीइतकी नाही, म्हणून दुसरी गोळी जोडली. हा जनुकांचा पुरावा मुळीच नव्हे. एवढेच की 'फेकून देते' हा निकाल टाळता आला.

जनुकांमुळे किती फरक पडतो, याचाही अंदाज हवा. २०१६ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साखर वाहून नेणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला फरक सापडला. लठ्ठ रुग्णांपैकी ज्यांच्याकडे त्याच्या दोन विशिष्ट प्रती होत्या, त्यांना मिळणारा जादा फायदा हा मेटफॉर्मिनची मात्रा ५५० मिलिग्रॅमने वाढवण्याइतका होता. म्हणजे साधारण एका गोळीचा फरक. जनुकांमुळे गोळी पूर्ण निकामी होते असे नाही, आणि अमृतही होत नाही. कोणाला एक पुरते, कोणाला दोन लागतात.

दुसरी गोळी आहे सल्फोनिलयुरिया जातीची. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही तिची भावंडे. बऱ्याचदा ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे रुग्णाला आपण दोन औषधे घेतो हे कळतही नाही. तिचा शोध अपघाताने लागला. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे डॉ. मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. काही रुग्णांची शुगर एकाएकी कोसळली, काही दगावले. तापावरच्या औषधाचा हा दुर्गुण मधुमेहाला गुण ठरला. ही गोळी स्वादुपिंडाला ढोसून जास्त इन्सुलिन सोडायला लावते.

काम झाल्यावर या गोळीचे विघटन यकृतातले सीवायपी२सी९ नावाचे प्रथिन करते. काहींच्यात जन्मतःच ते मंद असते. मग गोळी रक्तात जास्त वेळ राहते. डंडीच्याच संशोधकांनी २००९ साली दाखवले की दोन्ही प्रती मंद असलेल्या रुग्णांची शुगर या गोळीने ठरलेल्या मर्यादेत येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे ३.४ पट होती. ऐकायला छान वाटते. पण जी गोळी जास्त उतरवते ती कधी जास्तच उतरवते, आणि शेतमजुरासाठी हे फार महत्त्वाचे आहे. सकाळी गोळी घेऊन माणूस निघाला, दुपारची भाकर उशिरा मिळाली, किंवा चतुर्थीचा उपास पडला, की घाम सुटतो, हातपाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे अडखळते. आणि आदिवासी वस्तीतला गडी असा रस्त्याकडेला अडखळताना दिसला की लोक म्हणतात, प्याला असेल. पुढे निघून जातात. त्याला त्या वेळी फक्त मूठभर साखर किंवा गुळाचा खडा हवा असतो.

म्हणून अशी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाने खिशात गूळ किंवा साखर ठेवावी, असे आमच्या आशाताई घरोघर सांगतात. ज्याला अगदी छोट्या मात्रेनेही असे झाले आहे, त्याने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळी मात्र मनानेच बंद करू नये. बदलायची ती डॉक्टरांना सांगून.

इथपर्यंत आपण गोळीच्या वाटेवरच्या जनुकांबद्दल बोललो. काही ठिकाणी मात्र जनुक आजाराचाच प्रकार ठरवते, आणि तिथे फरक एका गोळीचा नसतो. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत बाळाला मधुमेह झाला, तर पूर्वी जन्मभर इन्सुलिन हेच उत्तर होते. २००४ साली इंग्लंडमधील एक्झेटर येथील संशोधकांना अशा बऱ्याच बाळांत एकाच जनुकात दोष सापडला. इन्सुलिन सोडण्याच्या दाराची कडी अडकलेली, आणि ती नेमकी सल्फोनिलयुरियाच्या गोळीने निघते. २००६ साली त्यांनी ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी ही गोळी देऊन पाहिली. ४४ जणांचे इन्सुलिन सुटले. दिवसातून अनेकदा टोचून घेणारे मूल गोळीवर आले, ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा समोरची आई ती पुन्हा सांगायला लावते. अशी तपासणी आपल्या देशातही, चेन्नईच्या मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनमध्ये होते. हा आजार विरळ आहे. पण एवढ्या लहान बाळाला मधुमेह निघाला तर जनुकीय तपासणीची विचारणा करायचीच, हे प्रत्येक परिचारिकेने लक्षात ठेवावे.

याच जातीचा पण तरुणांतला एक प्रकार आहे. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांत मधुमेह, तोही पंचविशीच्या आत, आणि माणूस लठ्ठ नाही. यातल्या एका प्रकारात मेटफॉर्मिनचा फारसा उपयोग होत नाही आणि सल्फोनिलयुरियाची लहान मात्राही भरपूर काम करते. २००३ साली एक्झेटरच्याच मंडळींनी मोजले तेव्हा अशा रुग्णांत दुसऱ्या गोळीचा परिणाम मेटफॉर्मिनच्या पाचपट निघाला.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत जास्त काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. २००६ साली त्यांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक यांच्यासह दाखवले की टीसीएफ७एल२ नावाचे जनुक, जे त्याच वर्षी आइसलँडमध्ये मधुमेहाशी जोडले गेले होते, भारतीयांतही मधुमेहाशी निगडित आहे. या जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांत सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या अपुऱ्या पडण्याचे प्रमाण जास्त असते, असे नंतर डंडीत आढळले. मेटफॉर्मिनवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही.

पण याज्ञिक यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. जनुके म्हणजे सगळे नव्हे, असे ते सांगतात. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याच्या बाळांचे वजन स्नायूंत कमी होते, चरबीत तेवढे कमी नव्हते. वरून सडपातळ, आत चरबी. गर्भात असताना आईला काय मिळाले याचा हा हिशेब. २०२२ साली पुण्याच्या तरुण मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही अनेकांचा मूळ प्रश्न इन्सुलिन कमी बनण्याचा निघाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 'प्रकार ५' म्हणून मान्यता दिली. आपल्या वस्त्यांवर जे किडकिडीत तिशीतले मधुमेही भेटतात, त्यांना 'वजन कमी करा, फिरायला जा' हा शहरी सल्ला देणे मला कधीच पटले नाही. त्यांच्या बाबतीत गोळी लागू न पडण्याचे कारण जनुकांपेक्षा लहानपणीच्या उपासमारीत असण्याची शक्यता जास्त.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. गोळी लागू पडली की नाही हे आपण कशावरून ठरवतो? बहुधा 'तीन महिन्यांच्या शुगर'वरून, म्हणजे एचबीए१सी या तपासणीवरून. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात किती साखर चिकटली ते मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आले तर मधुमेह, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मान्य केले.

पण ही मोजपट्टी एका गृहीतकावर उभी आहे, की सगळ्यांच्या तांबड्या पेशी सारख्याच दिवस जगतात आणि हिमोग्लोबिन सगळ्यांचे सारखे आहे. विदर्भात हे गृहीत धरता येत नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर फिरून सिकलसेलच्या तपासण्या केल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत राज्यातल्या आदिवासी जमातींत सरासरी दहा टक्के लोक सिकलसेलचे वाहक निघाले, आणि भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत २० ते ३५ टक्के. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, भिलाला, कोरकू वस्त्या आहेत, आणि सिकलसेल आदिवासींपुरताच नाही. विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही तो आहे.

सिकलसेलच्या रुग्णाची, म्हणजे ज्याच्या दोन्ही प्रती सिकलच्या आहेत त्याची, तांबडी पेशी १२० नव्हे, १०-२० दिवसच जगते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. त्याची एचबीए१सी खोटी कमी येते. कागद म्हणतो शुगर आटोक्यात, आणि शरीरात साखर आपले काम करतच असते. अशा रुग्णासाठी ही तपासणी वापरूच नये. बोटाच्या थेंबावरची किंवा शिरेतल्या रक्ताची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर हीच खरी. मोठ्या ठिकाणी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणीही होते.

वाहकाचे तसे नाही. वाहक आजारी नसतो, ही गोष्ट दहा वेळा सांगितली तरी कमीच, कारण 'वाहक' शब्दानेच लग्ने मोडल्याची उदाहरणे आपल्याला माहीत आहेत. त्याच्या बाबतीत मोजणीचा फरक थोडा आहे आणि कोणत्या यंत्रावर तपासले यावरही अवलंबून आहे. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांवर झालेल्या २०१७ सालच्या अभ्यासात, रक्तातली साखर तेवढीच असताना वाहकांची एचबीए१सी सरासरी ०.३ ने कमी आली. काठावरच्या माणसाला तेवढा फरक पुरेसा आहे. ६.३ आलेल्याला आपण 'अजून नाही' म्हणून घरी पाठवतो.

त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष आला, जीसिक्सपीडी या प्रथिनाबद्दल. हे प्रथिन तांबड्या पेशीला सांभाळते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे कमतरता पुरुषांत जास्त दिसते. या कमतरतेच्या आफ्रिकी प्रकारात पुरुषांची एचबीए१सी ०.८ ने कमी येते, असे त्या अभ्यासात निघाले. भारतात ही कमतरता प्रथम मुंबईच्या पारशी समाजात १९६३ साली नोंदवली गेली. पुढे देशभरच्या पाहण्यांत काही समाजांत शून्य तर काहींत २७ टक्क्यांपर्यंत असे प्रमाण आढळले. आदिवासी जमातींत सर्वाधिक सापडणाऱ्या प्रकाराचे नाव शास्त्रज्ञांनी १९९५ साली 'ओरिसा' ठेवले, आणि दुसऱ्या एका प्रकाराच्या नावात आपले कल्याण आहे, 'केरळ-कल्याण'.

जीसिक्सपीडीचा संबंध गोळ्यांशीही येतो. हिवतापाच्या प्रायमाक्विन गोळीने या लोकांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकांतही जीसिक्सपीडी कमतरतेबद्दल सावधगिरीची सूचना असते. प्रत्यक्षात असे होणे विरळ आहे, घाबरून जाण्यासारखे नाही. पण ज्याला पूर्वी हिवतापाच्या गोळीने तसा त्रास झाला आहे, त्याने मधुमेहाची गोळी सुरू होताना ते सांगायला हवे. आम्ही विचारले नाही तरी सांगावे.

उलटेही घडते. आपल्या बायकांत लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग किती आहे हे वेगळे सांगायला नको. लोह कमी असले की एचबीए१सी खोटी वाढलेली येऊ शकते. मग गोळी वाढवली जाते, आणि बाई भर उन्हात निंदणी करताना भोवळ येऊन पडते. म्हणून आम्ही बीबीला तीन महिन्यांच्या शुगरबरोबर हिमोग्लोबिन आणि प्रत्यक्ष शुगर दोन्ही पाहतो. तिघांचे एकमेकांशी जमत नसेल तर कागदापेक्षा बोटाच्या थेंबावर विश्वास ठेवतो.

हल्ली शहरांत 'तुमच्या जनुकांप्रमाणे औषध' अशा जाहिराती करून हजारो रुपयांच्या तपासण्या विकल्या जातात. एका शिक्षकमित्राने मला त्याबद्दल विचारले. नेहमीच्या मधुमेहासाठी त्या तपासणीने आज तुमची गोळी ठरत नाही. तेवढ्या पैशात वर्षभराच्या शुगरपट्ट्या येतात. शिवाय वर सांगितलेले बहुतेक अभ्यास युरोपातल्या लोकांवर झाले आहेत. ओसीटी-१ च्या मंद प्रकारांचे प्रमाण तिथे आणि इथे सारखे नाही. कोरकू किंवा आंध समाजात गोळ्यांच्या वाटेवरची जनुके कशी आहेत, यावर अजून फार थोडे काम झाले आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात आदिवासी धरून ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांची जनुके वाचली गेली आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ही चांगली सुरुवात आहे. मात्र ज्यांचे रक्त घेतले त्यांच्या वस्तीवर त्याचा उपयोग पोहोचायला हवा, हे आपणच मागत राहिले पाहिजे.

तोवर हाताशी आहे ते सिकलसेलचे कार्ड. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवलेली आहे. पण आमच्याकडे मधुमेहासाठी येणारे बरेच जण चाळिशी ओलांडलेले. त्यांची तपासणी त्या मोहिमेत झालेलीच नसते, आणि 'सिकलसेल आहे का' विचारले तर 'नाही' म्हणतात. त्यांच्या मुलांची-नातवंडांची मात्र आश्रमशाळेत झालेली असते. मूल वाहक असेल तर आई-वडिलांपैकी निदान एक जण वाहक असतोच. मूल सिकलसेलचे रुग्ण असेल तर दोघेही. म्हणून यापुढे शुगरच्या तपासणीला येताना आपल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांबरोबर घरातल्या पोरांची सिकलसेलची कार्डेही पिशवीत टाकून आणावीत. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यात प्राथमिक तपासणी मोफत होते. वस्तीवर येणाऱ्या आशाताईंना सांगितले की त्या दिवस ठरवून देतात.